खांद्याचं ऑपरेशन: दुखणं आधी थांबतं, शीर नंतर जुळते

श्रावणाच्या झडीत आमच्या वडगावच्या अंगणात शेवाळ धरतं हे तीस वर्षं माहीत असूनही मी घसरलेच. उजवा हात टेकला आणि खांद्यात काहीतरी ‘टक्’ झालं. एक्स-रेत हाड शाबूत दिसलं, म्हणून घरातल्या सगळ्यांनी त्याला मुका मार ठरवून टाकलं. मग अडीच महिने तेल, शेक आणि तालमीतल्या एका वस्तादांकडून हात ओढून घेणं. बेळगावात कुस्तीचं वेड आहे, त्यामुळे खांदा म्हटलं की लोकांना दवाखान्याआधी तालीम आठवते. वस्ताद प्रामाणिक होते. तिसऱ्या खेपेला त्यांनीच सांगितलं, “वहिनी, हे आमच्या हातातलं नव्हे, डॉक्टरकडं जावा.” एमआरआयमध्ये शीर तुटलेली निघाली. दिवाळीनंतर दुर्बिणीतून ऑपरेशन झालं.

त्या वेळी मला कुणी नीट सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं बरंच काही आहे. ते इथे क्रमाने लिहिते. मी डॉक्टर नाही. तुमच्या सर्जनचं सांगणं आणि माझं लिहिणं यांत फरक पडला, तर सर्जनचं ऐका.

ऑपरेशन लागणारच आहे का, हे आधी बघा

आपण ज्याला ‘शीर’ म्हणतो, त्याला डॉक्टर टेंडन म्हणतात. खांद्याच्या गोळ्याभोवती चार स्नायूंचे टेंडन टोपीसारखे बसलेले असतात, त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. वरचा टेंडन सगळ्यात जास्त वेळा फाटतो.

खांदा आखडणं आणि शीर तुटणं यांत आपली गल्लत होते. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर दुसऱ्या कुणाला तरी तुमचा हात हळूच वर करायला सांगा. त्यालाही तो वर नेता येत नसेल, हात अडूनच बसत असेल, तर बहुधा खांदा गोठलेला आहे. मधुमेह असणाऱ्यांत हे जास्त दिसतं आणि त्याला बहुतेक वेळा ऑपरेशन लागत नाही. दुसऱ्याने हात वर नेला की जातो, पण त्याने सोडला की तुम्हाला तो वर धरून ठेवता येत नाही आणि धपकन खाली येतो, असं असेल तर शिरेचा संशय घ्या. हा नुसता अंदाज झाला, निदान तपासणीत आणि एमआरआयमध्येच होतं.

वयोमानाने झिजून थोडी फाटलेली शीर असेल तर तीन महिने नेटाने व्यायाम करून पुष्कळांचं भागतं. पण पडून, झटका बसून शीर अचानक पूर्ण तुटली असेल तर वेळ काढू नका. तुटलेली शीर आत आखडत जाते, तिच्या स्नायूत चरबी भरते, आणि मग जोडायची म्हटली तरी पुरत नाही. माझे अडीच महिने तेलात गेले ते मला याच कारणाने महागात पडले. फाट मोठी झाली होती आणि हात गळ्यात अडकवून ठेवायचा पट्टा चारऐवजी सहा आठवडे बांधावा लागला.

कुठे जायचं आणि कागद कोणते

आपल्याकडच्या माणसाला पर्याय बरे आहेत. बेळगावात जिल्हा रुग्णालय आणि मोठी खासगी रुग्णालयं आहेत. निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूर-मिरज जवळ पडतं, खानापूरकरांना बेळगाव, कित्तूरच्या बाजूला हुबळी-धारवाडही. माझं मत विचाराल तर ऑपरेशन कुठेही करा, पण व्यायामासाठी आठवड्यातून दोनदा जाता येईल असं ठिकाण आधी शोधा. ऑपरेशन एकदाच होतं, फिजिओकडे तीस-चाळीस खेपा होतात.

आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. एपीएल कार्डवाल्यांना ठरलेल्या दराच्या ३० टक्के मदत मिळते, वर्षाला कुटुंबामागे दीड लाखांपर्यंत. तातडीचं नसलेलं ऑपरेशन असेल तर सरकारी दवाखान्याची शिफारस-चिठ्ठी लागते. ती न घेता थेट खासगीत जाऊन दाखल झालात की मग धावाधाव होते. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणारा माणूस) भेटून तुमचं नेमकं ऑपरेशन योजनेत बसतं का, हे तारीख घेण्याआधी विचारा. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना देण्याचं ठरवलं. त्यावरून दोन्ही सरकारांत ताणाताणी झाली, म्हणून कोल्हापूरकडे जाणार असाल तर त्या रुग्णालयाला आधी फोन करून कोणते दाखले लागतील ते विचारून घ्या.

सर्जनला एवढं विचाराच: फाट केवढी आहे, अंदाजे किती अँकर लागतील (शीर हाडाला शिवायचे बारीक खिळे, बिलात ते नगावर लागतात), पट्टा किती आठवडे, आणि व्यायाम कधीपासून. संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असतं. वाचता येत नसेल तर “मराठीत सांगा, मग सही करते” असं म्हणायला लाजू नका. बेळगावात मराठी येणारी एखादी सिस्टर भेटतेच.

आधीचे पंधरा दिवस

तंबाखू बंद. निपाणीच्या मुलखात हे लिहिताना मला हसू येतं, पण तंबाखूने रक्तपुरवठा कमी होतो आणि जोडलेली शीर धरत नाही. बायकांनो, मिश्रीही तंबाखूच. “मी कुठे तंबाखू खाते?” असं मीही डॉक्टरांना सांगितलं होतं. सासूबाई शेजारी बसल्या होत्या, त्यांनी माझी डबी काढून टेबलावर ठेवली.

साखर आटोक्यात आणा. रक्त पातळ करायची गोळी, बीपीची गोळी, आयुर्वेदिक काढे, सगळं सांगा आणि आपल्या मनाने काहीच बंद करू नका. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या, ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असतं, त्या साधारण तीन दिवस आधी थांबवायला सांगतात. गोळ्यांची पाकिटंच सोबत न्या. खांद्यात नुकतंच इंजेक्शन घेतलं असेल तर तेही लपवू नका. ते फार जवळचं असेल तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि डॉक्टर तारीख पुढे ढकलतात.

आता घर. रोज लागणारे डबे, चहा-साखर, औषधं फळीवरून कमरेच्या उंचीवर आणा. माळ्यावरचं काही लागणार असेल तर आत्ताच काढून ठेवा. पुढून हुक असलेले सैल ब्लाऊज किंवा पुढून उघडणारे गाऊन शिवून घ्या, पुरुषांना हाफ बाह्यांचे मोठ्या मापाचे शर्ट. मी जुन्या दोन ब्लाऊजची एका बाजूची शिवण उसवून तिथे बंद लावले, उत्तम चाललं.

यावर कुणी बोलत नाही, पण अडतं इथेच: संडास. उजवा हात बांधला तर जेवायचं कशाने, आणि डावा बांधला तर धुवायचं कशाने? पाण्याचा हँडशॉवर चांगल्या हाताच्या बाजूला बसवून घ्या. देशी पद्धतीचा संडास असेल तर वर ठेवायची खुर्ची आणा, कारण उकिडवं बसून उठताना आपण नकळत हात टेकतो. उजवा खांदा असेल तर आठवडाभर आधीपासून डाव्या हाताने चमच्याने जेवायची सवय करा. डाव्या हाताने जेवणं आपल्याकडे वाईट दिसतं खरं. सूनबाईने पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या ताटात चमचे ठेवले आणि तो विषय मिटवून टाकला.

ऑपरेशनचा दिवस

यात सांगण्यासारखं फार नाही. जड जेवण आठ तास आधी बंद, हलकं सहा तास आधी, साधं पाणी बहुतेक ठिकाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, पण तुम्हाला जे सांगितलंय तेच खरं. बांगड्या, अंगठी, नखांचा रंग काढून या. कुठला खांदा ते त्यावर पेनने खूण करताना जागे राहा आणि स्वतः तोंडाने सांगा.

पूर्ण भुलीबरोबर मानेच्या बाजूला एक इंजेक्शन देतात, त्याला ब्लॉक म्हणतात. त्याने सगळा हात लाकडासारखा बधिर होतो. त्या बाजूची पापणी थोडी खाली येणं, आवाज बसणं, श्वास किंचित अपुरा वाटणं हे ब्लॉकमुळे होतं आणि ब्लॉकबरोबर जातं. श्वासाचा त्रास जास्त वाटला तर लगेच सांगा. खांदा फुगलेला दिसेल. दुर्बिणीच्या वेळी आत पाणी सोडतात, ते एक-दोन दिवसांत जिरतं. ड्रेसिंगमधून गुलाबी पाणी झिरपलं तर घाबरू नका.

पहिली रात्र

मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते हे. ऑपरेशन झाल्यावर मी इतकी खुशीत होते की भेटायला आलेल्या जाऊबाईंना म्हणाले, “काहीच दुखत नाही की!” रात्री जेवणानंतरची गोळी मी “उगाच कशाला” म्हणून घेतली नाही. पहाटे अडीचला ब्लॉक उतरला. तो उतरला की दुखणं हळूहळू येत नाही, एकदम येतं. पुढचे तीन तास मी भिंतीला डोकं टेकून बसले होते आणि नंतर घेतलेल्या गोळीचा काही केल्या उपयोग होईना.

ब्लॉक साधारण ८ ते २४ तास टिकतो. म्हणून दुखत नसतानाच गोळ्या सुरू करायच्या. बोटांना मुंग्या यायला लागल्या, बोटं हलायला लागली, की समजा तास-दोन तासच उरलेत. त्याच्या आत गोळी पोटात गेलेली असली पाहिजे. झोपताना मोबाइलला गजर लावा आणि पहिले दोन-तीन दिवस रात्रीचीही गोळी चुकवू नका. वर चढलेलं दुखणं खाली आणणं फार अवघड जातं.

आडवं झोपून चालत नाही. खांदा मागे पडतो आणि ओढ बसते. भिंतीला लोड-तक्के लावून साधारण अर्धं बसल्यासारखं टेका, कोपराखाली घडी केलेली गोधडी ठेवा. कोपर शरीराच्या मागे जाता कामा नये. पडल्यापडल्या आपलं कोपर डोळ्यांना दिसलं पाहिजे. मी पाच आठवडे असं झोपले. आरामखुर्ची असेल तर तीही चांगली.

बर्फ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, दिवसातून चार-पाचदा. उघड्या कातडीवर नको, आणि हात बधिर असताना तर फारच जपून, कारण चटका बसलेला कळत नाही.

दुखण्याला त्याच्या नावाने हाक मारा

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, “दहापैकी किती दुखतं?” मी म्हटलं, “फार.” हा काही उपयोगाचा निरोप नव्हे. आपल्या भाषेत दुखण्याला इतके शब्द आहेत, ते वापरा. ठणका म्हणजे ठोके पडल्यासारखं, हे पहिल्या दिवसांत साधारण असतं, बर्फाने आणि गोळीने उतरतं. ओढ लागते ती टाक्यांची आणि व्यायामाची, ती चालायचीच. रग लागते ती मानेला आणि पाठीला, पट्ट्याच्या ओझ्याने. त्यावर पट्टा नीट करणं आणि मान सैल करणं हाच उपाय. चमक म्हणजे एका हालचालीला वीज गेल्यासारखी कळ. ती हालचाल तिथेच थांबवा आणि फिजिओला दाखवा. मुंग्या आणि बधिरपणा दोन दिवसांनंतरही असेल तर सांगायचाच. आणि खांद्यात आग होते आहे, कातडी तापली आहे, ताप आहे, असं असेल तर वाट बघायची नाही.

फिजिओ कन्नड बोलणारे असतील तर तीन शब्द पुरतात: दुखतं म्हणजे ‘नोवु’, हळू म्हणजे ‘निधान’, पुरे म्हणजे ‘साकु’. माझे फिजिओ माझा ‘साकु’ ऐकून हसायचे आणि अजून दोनदा करायला लावायचे.

गोळ्यांचा हिशेब

घरी येताना साधारण तीन प्रकारच्या गोळ्या मिळतात: पॅरासिटामॉल, सूज उतरवणारी, आणि फार दुखलं तर घ्यायची कडक, बहुधा ट्रामाडॉल. फसगत होते ती मिश्र गोळ्यांत. एका गोळीत पॅरासिटामॉल असतं, दुसरीतही असतं, आणि वर ‘ताप आल्यासारखं वाटतंय’ म्हणून आपण तिसरी घेतो. मोठ्या माणसाला दिवसाला सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही. वय जास्त, यकृताचा त्रास किंवा दारू असेल तर त्याहून कमी. पाकिटाच्या मागचं मिलिग्रॅम बघा. मी कॅलेंडरच्या चौकटीत वेळ लिहून खूण करत होते.

सूज उतरवणाऱ्या गोळ्या मूत्रपिंडाचा, बीपीचा, अल्सरचा त्रास असणाऱ्यांना चालत नाहीत, आणि उपाशी पोटी तर नकोच. ट्रामाडॉलने मळमळ, चक्कर आणि बद्धकोष्ठता होते. मनाच्या किंवा झोपेच्या गोळ्या सुरू असतील तर ते आधी सांगा. पोटासाठी मला इसबगोल, नाचणीची आंबील आणि भरपूर पाणी लागू पडलं. कडक गोळी चार-सहा दिवसांत कमी करत यायचं आणि साधी गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी ठेवायची.

पट्ट्यातले आठवडे

टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात, तोवर जखम कोरडी. त्यानंतर अंघोळीला स्टुलावर बसा, कमरेत पुढे वाका, हात सैल खाली लोंबू द्या. काखेत आपोआप जागा होते, तिथे धुऊन सुती कापडाने टिपा. हात उचलायचा नाही. कपडे घालताना दुखऱ्या हाताची बाही आधी, काढताना शेवटी.

भेटायला येणारे शहाळं आणतात आणि गोष्ट आणतात. माझ्याकडे आलेल्या एकीच्या नणंदेच्या व्याह्यांचा हात ऑपरेशननंतर ‘गेलाच’ होता. ऐका आणि चहा द्या. पण “थोडं चोळून देते” म्हणणाऱ्या हाताला ठाम नकार द्या. चोळणं नाही, ओढणं नाही.

गाडीत बसताना उजवा खांदा असेल तर पुढे ड्रायव्हरशेजारी बसा, तिथला सीटबेल्ट डाव्या खांद्यावरून येतो. डावा असेल तर मागे उजव्या बाजूला. दुचाकीवर मागेसुद्धा नको, आपल्या रस्त्यांचे खड्डे तुम्हाला माहीत आहेत. बसमध्ये दुखरा हात खिडकीकडे, मधल्या वाटेकडे नको.

फसवा काळ

पाचव्या-सहाव्या आठवड्यात दुखणं जवळजवळ जातं. पट्टा सुटतो. माणसाला वाटतं, झालं. पण टेंडन हाडाला पक्का धरायला बारा आठवडे तरी लागतात, आणि पुन्हा फाटण्याचा धोका याच पहिल्या तीन महिन्यांत जास्त असतो. तोवर शीर टाक्यांवर उभी असते.

सातव्या आठवड्यात आमच्याकडे पाच दिवसांनी नळाला पाणी आलं. ज्यांच्या घरी असं पाणी येतं त्यांना सांगायला नको: नळाचा आवाज झाला की पाय आपोआप धावतात. भरलेली कळशी मी उजव्या हाताने उचलली. लख्खकन चमक गेली. नशीब, सोनोग्राफीत शीर जागेवर निघाली, पण दोन आठवडे व्यायाम मागे गेला आणि ह्यांनी महिनाभर कळशीला हात लावू दिला नाही. म्हणून पट्टा सुटला तरी बाहेर जाताना आणि पाण्याच्या दिवशी तो बांधूनच ठेवा, स्वतःला आणि घरच्यांना आठवण म्हणून.

व्यायाम कसा चढवायचा

पहिल्या दिवसापासून बोटं, मनगट, कोपर हलवायचं, मूठ आवळायची. खांद्याला हात लावायचा तो सर्जन सांगतील तेव्हाच. सुरुवातीला लंबक: चांगला हात टेबलावर टेकून वाका, दुखरा हात घंटेसारखा लोंबू द्या आणि कमरेने झोके द्या. हाताने झोका घ्यायचा नाही, इथेच सगळे चुकतात. मग टेबलावर फडक्यावर हात ठेवून पुढे सरकवणं. मग लाटणं दोन्ही हातांत धरून चांगल्या हाताने दुखऱ्याला वर नेणं. साधारण सहा आठवड्यांनंतर स्वतःच्या जोराने हात उचलायला आणि भिंतीवर बोटं चालवायला देतात. रबरी पट्ट्याने जोर वाढवणं बारा आठवड्यांनंतर. शेतातलं, मागावरचं, ओझ्याचं काम चार ते सहा महिन्यांनी. मोठी फाट असेल तर सगळंच पुढे जातं.

व्यायामानंतर दुखणं तासाभरात उतरलं तर ठीक. दुसऱ्या सकाळपर्यंत टिकलं तर काल जास्त झालं. आज निम्मं करा, पण बंद करू नका. बंद केलात तर खांदा गोठतो.

लगेच दवाखाना

१०१ च्या वर ताप, जखमेतून पू किंवा वाढती लाली, बोटं निळी-थंड पडणं, पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक धाप किंवा छातीत दुखणं, किंवा पडून पुन्हा ‘टक्’ होणं. यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी जा.

एक गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. तिसऱ्या महिन्यात माझा डावा खांदा दुखायला लागला, कारण इतके दिवस सगळं त्यानेच ओढलं होतं. फिजिओला तो दाखवा, त्याचेही दोन-तीन व्यायाम मागून घ्या. भाकरी मी साडेचार महिन्यांनी थापली, आधी लहान पोरांच्या भातुकलीएवढी, मग एक, मग दोन. चौथी भाकरी सूनबाईने थापली.